घोड्याला कौल मिळाला नाही

ट्रॉय जिंकलं. ग्रीक हरले, तेही घोड्याच्या पोटात बसल्या बसल्या. आता हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं धरून चालू. कारण जत्रेच्या दिवशी सकाळपर्यंत तसं काही होणार नव्हतं, आणि विपुलला विचाराल तर ते अजूनही झालेलं नाही.

तर काहीही झालेलं नाही. सकाळ आहे. शेणव्याच्या पुढे डोंगराला टेकून बसलेल्या पेंढरी गावात रामू ओटीवर बसून मुकुट डोक्यावर राहतो का ते बघतो आहे. रामू ट्रॉयचा राजा आहे. त्याचा मुलगा विपुल समोर उभा आहे.

"बाबा, घोडा वेशीत आला असं प्रधान सांगेल. मग तुम्ही फक्त म्हणायचं, घोडा आत घ्या. तीन शब्द आहेत."

"पाठ हायत रे."

"मग एकदा म्हणून दाखवा."

"आत्ता कशाला? आत्ता घोडा कुठाय?"

विपुल शहापूरला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा कादंबरी लिहीत होता. ग्रीकांची ती जुनी लढाई त्याने उचलून माहुलीच्या पायथ्याशी आणली होती. जहाजं भातसा नदीतून यायची. ग्रीक देव माहुलीच्या सुळक्यांवर बसून एकमेकांशी भांडायचे आणि मधूनच कुणाच्या तरी बाजूने वीज टाकायचे. इतिहास कुठे संपतो आणि विपुल कुठे सुरू होतो हे कळू नये असा त्याचा प्रयत्न होता. कळायचा प्रश्नही नव्हता, कारण ती कादंबरी कुणी वाचली नव्हती. रामूने एकदा ती हातात घेतली होती, वजन बघितलं होतं आणि वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावून ठेवली होती.

शेवटी रामूनेच तोडगा काढला. "जत्रेला तुझी ती लढाई नाटकात कर. लोकं शेवटपर्यंत बसली तर लिही काय लिहायचं ते. उठून गेली तर सोमवारपासून शाममामाच्या पोल्ट्रीवर."

शाममामाची पोल्ट्री मुरबाडच्या बाजूला होती. तिथे राहायचं, जेवायचं आणि कोंबड्यांमध्ये झोपायचं. मामा जत्रेला सकाळीच आला होता आणि मोटरसायकलला जास्तीचं हेल्मेट अडकवून आला होता. विपुलने ते हेल्मेट बघितलं. ते त्याच्याच मापाचं होतं.

नाटकाची खरी अडचण अशी होती की गावाला ते पाठ झालं होतं. तालमी देवळासमोर व्हायच्या आणि अख्खा गाव बसून सूचना करायचा. "धा वर्सं वेढा घातला? मग भाताची आवणी कोण करत होता?" "राणीला पळवली का ती आपल्या पायानं आली, आधी ते सांग." त्यामुळे आता लोकांना दचकवायला विपुलकडे एकच गोष्ट उरली होती: घोडा. घोड्याच्या पोटातून ग्रीक बाहेर पडतात हे गावाला माहीत नव्हतं. तालमीत त्याने तेवढंच झाकून ठेवलं होतं. तेवढं जमलं तर लोक बसणार होते. फुटलं तर हेल्मेट.

ग्रीक सैन्य कादंबरीत लाखभर होतं. तालमीत ते अकरावर आलं. जत्रेच्याच दिवशी आसनगावला एकाची हळद निघाली आणि सैन्य हळदीला गेलं, ट्रॉयचा सेनापतीही गेला. ग्रीकांपैकी उरले दोन: स्वतः विपुल आणि त्याचा मित्र हरेश. हरेशला हळदीचं आमंत्रण नव्हतं.

घोडा केला होता वरच्या वाडीतल्या लखमाने. लखमाचा हात चांगला. आसपासच्या सगळ्या गोठ्यांची आणि शेळ्यांच्या खुराड्यांची दारं त्याचीच. बांबूचा सांगाडा, वरून फळ्या, खाली मोडक्या बैलगाडीची चाकं आणि पोटाला एक दार. काम मजुरीवर नव्हतं. नाटक झालं की घोडा लखमाचा, असं ठरलं होतं. दार बघून विपुल म्हणाला होता, "लखमादादा, कडी बाहेरून का लावलीत?"

"मग कुठं लावायची?"

"आतून."

लखमाने कडी सरकवून दाखवली होती. "आतून लावली तर शेळी काढते ना."

विपुलला वाटलं होतं की दोन दिवसांत कडी बदलून घेऊ. दोन दिवस तो हरेशच्या शिरस्त्राणाला केरसुणी चिकटवत होता.

दुपारी वाडीच्या खालच्या वळणावर गावातल्या हितेशचा टेम्पो लागला. लखमाने घोडा चढवून दिला आणि स्वतः गवत कापायला गेला. मग करवंदीच्या जाळीमागून दोन ग्रीक आले. पडद्यांचे झगे, पायात चपला, कमरेला पत्र्याच्या तलवारी. ते पोटात शिरले. दोघांचे फोन हितेशकडे दिले, कारण तालमीत हरेशच्या कमरेला ऐन युद्धात रिंग वाजली होती.

"हितेश, आम्ही आत आहोत हे कुणालाही सांगायचं नाही," विपुलने बजावलं. "गावदेवीची शपथ घे."

"घेतली. आता पाय आत घे, दार लावतो."

रस्ता खड्ड्यांचा असल्यामुळे दार उघडू नये म्हणून हितेशने कडी घातली. त्याने ते चांगल्या मनानेच केलं.

टेम्पो वेशीशी आला आणि थांबला. आतल्या दोघांना फक्त आवाज ऐकू येत होते. पहिला आवाज कमळाबाईचा होता. कमळाबाई गावात सगळ्यांत वयस्कर, आणि वेशीजवळच राहणारी.

"काय रे हितेश, काय आणलास?"

"घोडा हाय आजी. नाटकाचा."

"पाय किती?"

हितेशने मोजल्यासारखं केलं. "चार."

"मग उतरव हितंच."

पेंढरीची रीत होती. म्हसा गावच्या जनावरांच्या बाजारातून कुणीतरी एकदा आजारी बैल आणला होता आणि अर्ध्या गावाचे गोठे रिकामे झाले होते. तेव्हापासून चार पायांचं काहीही बाहेरून आलं की ते वेशीवर थांबायचं. देवीला कौल लावायचा. तिने हो म्हटलं की आत.

"आजी, तो लाकडाचा हाय!"

"लाकडाचा असंल. पाय चार हायत का नाय?"

हितेशने टेम्पोचा मागचा फाळका उघडला. चार माणसांनी मिळून घोडा उतरवला. उतरवताना "लय जड केलाय लखमानं," असं तिघे म्हणाले. वीज गेलीच तर असावा म्हणून हितेशला जनरेटर आणायला शहापूरला जायचं होतं. तो शेपटीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "मी आलोच. तुमी बसा."

मग टेम्पो गेला. तो हायवेला अडकला, आणि त्याच्याबरोबर दोन फोन आणि एक शपथही अडकली.

"आता?" हरेश कुजबुजला.

"आता गप्प," विपुल म्हणाला. "ग्रीक लोकांनी आवाज काढला नव्हता."

"त्यांची कडी कुठून होती?"

देवळात भगीरथ भगताने देवीच्या दोन खांद्यांना दोन फुलं ओली करून चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गाऱ्हाणं घातलं. लोक बघत बसले. ऊन उतरायला लागलं. एकही फूल पडेना. एक पोर पळत वेशीवर येऊन सांगून गेलं की देवी विचारात आहे.

"विचार कसला करते?" हरेश म्हणाला.

"श्श."

"विपुल, माझा पाय मेला."

"मेलेल्या पायानं बोलू नकोस."

बाहेर कमळाबाईचं मन स्वस्थ नव्हतं. कौल येईपर्यंत निदान गोचीड तरी मरू दे, असं म्हणून तिने रीतीप्रमाणे घोड्याखाली धुरी दिली. कडुनिंबाचा पाला, तंबाखूची देठं आणि वर मूठभर मिरच्या. लखमाने पोटाच्या फळ्यांमध्ये हवेसाठी बोटबोट फटी ठेवल्या होत्या. शेळ्यांसाठी त्या चांगल्याच.

विपुलने झगा तोंडात कोंबला. हरेशने विपुलचा झगा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विपुलच्या डोळ्यांसमोर ते हेल्मेट होतं. हाक मारली की दोन मिनिटांत मोकळी हवा, आणि सोमवारपासून कोंबड्या. त्याने दात आवळले. हरेशपुढे कोंबड्यांचा प्रश्न नव्हता. तो खोकला.

वेशीवरचे सगळे घोड्याकडे वळले.

"ऐकलांव का?" कमळाबाई म्हणाली.

"घोडा खोकला," कुणीतरी म्हणालं.

"लाकूड कसं खोकंल?"

"वलं असंल."

आता हे प्रकरण कमळाबाईच्या हातात राहिलं नाही. जत्रेला जनावरांना लस टोचायला डॉक्टर अनिता मॅडम आल्या होत्या. त्यांना बोलावलं. मॅडम सकाळपासून उन्हात बैलांच्या मागे धावत होत्या. गावाशी वाद घालण्यापेक्षा तपासणं लवकर होतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी लाकडी कानात पिवळा बिल्ला मारला. मग कमळाबाईच्या समाधानासाठी घोड्याच्या पोटाला नळी लावली.

नळी नेमकी दोघांच्या मध्ये आली. आत विपुल आणि हरेश एका फळीला पाठ लावून, श्वास धरून बसले होते, आणि त्यांची काळीजं ढोल वाजवल्यासारखी चालली होती.

मॅडमनी नळी काढली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा लावली.

"काय मॅडम?"

"ठोके येतायत," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "दोन ठिकाणी येतायत. मी जरा सावलीत बसते."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कमळाबाईने मात्र कपाळावर हात मारला. "अगो बाय! म्हंजे ही घोडी हाय. गाभण हाय. म्हनून देवी बोलंना! एका जिवाचा कौल मागतांव, आनि हितं दोन जादा!"

सगळं एकदम जुळलं. जड का, खोकते का, देवी गप्प का. असं सगळं जुळल्यावर ती लाकडाची आहे एवढीच एक गोष्ट जुळत नव्हती, आणि एका गोष्टीसाठी कोण अडून बसतं?

"मग घ्यायची का आत?"

"येडा का खुळा तू? तिन्हीसांजेला गाभण जनावर वेस ओलांडत नाय. सकाळी बगू."

सकाळी! विपुलच्या पायाखालची फळी सरकली, म्हणजे खरोखरच थोडी सरकली. नाटक दिवेलागणीला होतं. आता हाक मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने मनातल्या मनात तीन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांची माफी मागितली, तोंडातला झगा काढला आणि जीव खाऊन ओरडला, "आम्ही आत आहोत!"

त्याच क्षणाला देवळावरचा भोंगा सुरू झाला. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. नाटकाला सुरुवात होत आहे, सर्वांनी बसून घ्यावे." वेशीवरचे सगळे धूम देवळाकडे पळाले, कारण पुढच्या सतरंज्या लवकर भरतात.

दोघे बराच वेळ ओरडले. मग घसा बसला. मग नुसतं ऐकणं उरलं. भोंग्यातून सगळं नाटक स्वच्छ ऐकू येत होतं.

पहिला अंक बरा गेला. राणी काजल छान रडली. देव सुळक्यावरून भांडले. विपुल अंधारात स्वतःची वाक्यं पुटपुटत होता. मग दुसरा अंक लागला. प्रधान धापा टाकत आला आणि म्हणाला, "महाराज, ग्रीक पळाले! जाताना वेशीशी एक घोडा सोडून गेले!"

आता रामूला तीन शब्द म्हणायचे होते. भोंग्यातून रामूचा श्वास ऐकू आला. "घोडा..." रामू म्हणाला.

"रामू!" प्रेक्षकांतून कमळाबाईचा आवाज आला, आणि तिला माईकची गरज नव्हती. "कौल नाय रे! आत घेशील तर बग!"

वेशीवर घोड्याच्या पोटात विपुलने हरेशचा दंड धरला. "बाबा, म्हणा," तो म्हणाला. "बाबा, तीन शब्द."

रामू राजा होता, पण घर पेंढरीतच होतं. भोंगा खरखरला.

"प्रधानजी," रामू म्हणाला, "कौल लावलात का?"

प्रधान गोंधळला. हे वाक्य नाटकात नव्हतं. "लावला महाराज. देवी बोलंना."

"घोडा कसा हाय?"

"घोडी हाय महाराज. गाभण हाय. खोकते पन."

"मग कशाला आनता रे तिला तिन्हीसांजेची?" रामूला आता सूर सापडला होता. "वेशीवरच चारापानी करा. आनि मला सांगा, धा वर्सं आपल्याशी भांडली ती लोकं जाताना आपल्याला घोडी फुकट देतील? माझा सख्खा मेव्हणा पोल्ट्रीवाला हाय, तो मला अंडं फुकट देत नाय!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वेशीवरचा घोडाही थोडा हलला. शिट्ट्या झाल्या. मग शाममामा पहिल्या सतरंजीवरून उठून थेट स्टेजवर चढला. कुणाला काही कळायच्या आत त्याने हळदीला गेलेल्या सेनापतीची तलवार उचलली आणि गर्जना केली, "भावजी, मी अंडं नाय देनार, पन जीव देईन! कुठायत ते ग्रीक?"

ग्रीक आले नाहीत. दोनदा बोलावून झालं. तिसऱ्यांदा रामूने जाहीर केलं की ग्रीक घाबरले, ट्रॉय जिंकलं. राणीला विचारलं, ग्रीकांकडे परत जायचंय का? काजल म्हणाली, "नळाचं पाणी येत असंल तर जाते." नव्हतं येत. ती राहिली. नाटक एकदाचं संपलं, पण लोक उठेनात. शेवटचा प्रवेश पुन्हा करायला लावला. तोही शेवटपर्यंत बसून बघितला.

"विपुल," हरेश अंधारात म्हणाला, "आपन हरलो."

"अजून नाही."

"आरं भोंग्यावर सांगतात!"

तेवढ्यात घोडा हलला. खरोखर हलला. चाकं करकरली, बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले. विपुलने चाचपडत तलवार शोधली. "आत नेतायत! हरेश, ऊठ! तलवार घे!"

"पाय मेलाय रे."

"ट्रॉयमध्ये शिरल्यावर जिवंत होईल."

रस्ता चढाचा होता. वेशीतून गावात जायला चढ नव्हता, पण ग्रीकांना एवढं भूगोलाकडे बघायला वेळ नव्हता. चाकं थांबली. कुणीतरी पोटापाशी आलं. कडी वाजली. दार उघडलं आणि दोन ग्रीक "हर हर..." अशी आरोळी ठोकत खाली उडी मारून शत्रूच्या मधोमध पडले.

शत्रू "बें" म्हणाला.

समोर शेळ्या होत्या. त्यांच्यामागे हातात टॉर्च घेतलेली लखमाची बायको भिमी, आणि तिच्यामागे बैल सोडणारा लखमा. नाटक झालं होतं. ठरल्याप्रमाणे त्याने घोडा घरी आणला होता. खुराडं लहान पडत होतं आणि पावसाळ्याआधी त्याला सोय करायची होती.

भिमीने टॉर्च वरपासून खालपर्यंत फिरवला. केरसुणी, झगे, धुरीने लाल झालेले डोळे.

"कमळाबाई बोलली ती खरी," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन झाले."

"आम्ही ग्रीक आहोत," विपुल बसलेल्या घशाने म्हणाला.

"असांल. जेवलांव का?"

ते जेवले नव्हते. तांदळाची भाकर, सुक्या बोंबलाची चटणी आणि कांदा. ग्रीक सैन्य ओट्यावर पोटभर जेवलं, आणि समोर लखमा एकेक शेळी घोड्यात भरत होता. सगळ्या मावल्या. मग त्याने बाहेरून कडी घातली आणि समाधानाने दार हलवून बघितलं.

सोमवारी रामू ओटीवर बसला होता. मुकुट अजून काढला नव्हता. मुरबाडकडच्या चार गावांनी आपापल्या जत्रांना नाटक मागितलं होतं. अट एकच: राजा हाच, सेनापती हाच, आणि ग्रीक आणू नका.

"बाबा, लोक शेवटपर्यंत बसले," विपुल म्हणाला. "ठरल्याप्रमाणे मी लिहिणार."

"बसले ना! मी कुठं नाय बोलतो? लिही."

"मग मामा हेल्मेट का पुसतोय?"

शाममामाने घसा खाकरला. त्याने तलवार धार लावायला आटगावला दिली होती. "आता तूच सांग भाचा. चार गावांच्या जत्रा, रोजच्या तालमी, सेनापतीला गावोगाव फिरायला लागनार. मग कोंबड्या कोण बघनार? घरात मोकळं कोण हाय?"

सगळ्यांनी मोकळ्या माणसाकडे बघितलं.

"तिकडं निवांत लिहिता येतं," रामू म्हणाला. "कोंबड्या मधी बोलत नाय."

त्या बोलतात. पहिल्याच आठवड्यात, खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर बसून विपुलने पेंढरी ग्रामपंचायतीला पुढील अर्ज पाठवला. पोच मिळाली आहे.

मा. सरपंच यांस. विषय: ट्रॉय पाडण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा ग्रीक सैन्यापैकी असून युद्धाच्या वेळी तो पळून गेला नव्हता, वेशीवर हजर होता, हे डॉ. अनिता मॅडम यांच्या तपासणीवरून सिद्ध होते. सदर घोडा हा नर असून गाभण नाही. तरी पुढील जत्रेत दिवसाउजेडी देवीस पुन्हा कौल लावून, सदर घोड्यास गावात प्रवेश द्यावा व ट्रॉय निदान एकदा तरी पाडू द्यावे, आणि तोपर्यंत युद्धाचा निकाल राखून ठेवावा, ही नम्र विनंती. घोड्यातील शेळ्यांची पर्यायी सोय अर्जदार स्वखर्चाने करील. कडी आतून असावी.